तुम्ही विचारलंत म्हणून : हंड्यातला माणूस आणि माझी लेक

‘तुमची लेक टेस्ट ट्यूब बेबी, आणि तुम्ही तिच्यासमोर प्रयोगशाळेत माणूस बनवायचे मूकपट लावता?’ हळदीकुंकवापासून पालकसभेपर्यंत हेच ऐकतेय. एकदाच सांगते.

लावत नव्हते. ती झोपल्यावर एकटीच बघायचे. आवड कॉलेजपासूनची. १९१६ च्या जर्मन ‘होमुनकुलुस’चा नायक प्रयोगशाळेत जन्मलेला, ते कळल्यावर प्रेमाला पारखा झालेला तो माणूस जगावरच उलटतो. तेव्हा मला त्याची कीव यायची. लेक झाल्यावर राग यायला लागला. सुरुवात पोटाबाहेर झाली म्हणून माया आटते, हे ठरवलं कुणी?

ती नऊ वर्षांची होती. रात्री पाणी प्यायला उठली आणि माझ्या मागे येऊन उभी राहिली. लॅपटॉपवर एडिसनच्या कंपनीचा १९१० चा ‘फ्रँकेन्स्टाइन’ चालू होता, माणूस घडवायला जाऊन राक्षस बनवून बसलेल्या तरुणाची गोष्ट. हंड्यातून धूर, धुरातून वर येणारा सांगाडा, हाडांवर चढत जाणारं मांस.

“आई, मी अशी झाले?”

मी लॅपटॉप फाडकन मिटला. तिथेच चुकले. तोंडाने ‘नाही’ म्हणायच्या आत हाताने ‘हो’ म्हणून बसले होते.

मग पुन्हा उघडला. सांगितलं, की फिल्मवाल्यांनी पुतळा जाळला आणि ती फिल्म उलटी फिरवली.

“म्हणजे तो बनत नव्हता. जळत होता.”

“हो.”

“आणि मी?”

डॉक्टरांनी मदत केली, एवढंच तिला आजवर माहीत होतं. त्या रात्री काचेची बशी सांगितली, उबदार पेटी सांगितली. म्हटलं, पाच दिवस तू तिथे होतीस, मग माझ्या पोटात आलीस.

“पाच दिवस? एकटी?”

मी तिला जवळ घेतलं. उत्तर दिलं नाही. आणखी तीन गर्भ होते, ते टिकले नाहीत.

त्या फिल्मच्या शेवटी राक्षस आरशासमोर येतो आणि नाहीसा होतो. उरतं ते फक्त आरशातलं प्रतिबिंब, मग तेही विरतं. प्रेमाने त्याला हरवलं, असं फिल्म सांगते. ‘किती सुंदर शेवट!’ असं मी कॉलेजच्या वहीत लिहिलं होतं. आज त्या मुलीला विचारावंसं वाटतं, बनवलेल्याला पुसून टाकल्याशिवाय प्रेम जिंकत नाही का गं? पण तेव्हा भारावून गेले होते, तेही खोटं नव्हतं.

आता लेक बारा वर्षांची आहे. हो, आता तिच्यासमोर लावते, तीच मागते. हंडा आला की ती थांबवते, तेवढाच तुकडा उलटा फिरवते आणि पुतळा जळताना बघत राहते. मी शेजारी बसते. त्या तिघांचं सांगायचं अजून राहिलंय.