मागे सरणाऱ्या समुद्राचे नियोजन

आमच्या यवतमाळ जिल्ह्यातील कापूस मुख्यतः पावसावर येतो आणि पावसाने दगा दिला की नुकसान शेतकऱ्याच्या घरात शिरते. मध्य आशियात तोच कापूस कालव्यांच्या पाण्यावर घेतला गेला आणि त्याची किंमत कझाकस्तान आणि उझबेकिस्तान यांच्यामधल्या अरल समुद्राने मोजली. सोव्हिएत काळात अमूदर्या आणि सिरदर्या या दोन्ही नद्यांचे पाणी शेतीकडे वळवल्यामुळे, १९६० साली सुमारे ६८,००० चौरस किलोमीटर, म्हणजे विदर्भाच्या दोन तृतीयांशाहून मोठा असलेला हा जलाशय आज जेमतेम एक दशांश उरला आहे. पाण्याला बाहेर पडायला वाट नसल्याने मीठ आतच साचले, मासे संपले आणि उघड्या पडलेल्या तळावरून मीठ व कीटकनाशकांचे अंश धुळीबरोबर गावांवर उडू लागले. २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावलेले पाहिलेल्या जिल्ह्यात राहून हे वाचवत नाही.

अशा ठिकाणी जुना समुद्र पूर्ववत करण्याचे आश्वासन देणे मला लोकांची फसवणूक वाटते. कझाकस्तानने निवड केली. १९९० च्या दशकात स्थानिकांनी घातलेला मातीचा बांध पुन्हा पुन्हा फुटला आणि १९९९ मध्ये वाहूनच गेला. त्यानंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने २००५ मध्ये कोक-अरल धरण पूर्ण झाले. सिरदर्याचे पाणी उत्तरेच्या लहान भागात अडल्याने खारटपणा उतरला आणि मासेमारी पुन्हा सुरू झाली. दक्षिणेकडे मात्र फक्त जादाचे पाणी जाते. हा निर्णय कठोर होता, पण मला तो योग्य वाटतो.

दक्षिणेकडील कोरड्या तळावर उझबेकिस्तान सॅक्सौलची लागवड करतो. हे वाळवंटी झुडूप वाळू धरून ठेवते, परंतु सगळीकडे जगत नाही. नुकत्याच उघड्या पडलेल्या खारट, चिकट पट्ट्यात आधी क्षार सोसणाऱ्या वनस्पती येतात. वाळू साचलेल्या जागीच सॅक्सौल मूळ धरतो. त्यामुळे जमीन केव्हा उघडी पडली, हे पाहूनच तिथे काय लावायचे ते ठरवावे लागते आणि काठ सरकेल तसा आराखडाही बदलावा लागतो.

विदर्भात धरणांच्या गाळपेरीत हेच व्यवहारज्ञान दिसते. पाणी उतरेल तसे शेतकरी हरभरा किंवा डांगरवाडी (टरबूज-खरबुजासारख्या वेलींची लागवड) काठाच्या मागोमाग आत नेतात, वरच्या कोरड्या पट्ट्यात वेगळे आणि खालच्या ओल्या पट्ट्यात वेगळे पीक घेतात. मोठा फरक इतकाच की आपले धरण पावसाळ्यात पुन्हा भरते आणि सांडव्यावाटे क्षारही निघून जातात. अरलला तशी सोय नाही, म्हणून तिथे एकदा चुकलेल्या लागवडीची भरपाई पुढच्या पावसाळ्यात होत नाही.

कोक-अरलची उंची वाढवावी, की अराल्स्क शहराजवळच्या खाडीसाठी स्वतंत्र बांध घालावा, यावर बरीच वर्षे चर्चा चालू आहे. माझा कल उंची वाढवण्याकडे आहे, कारण त्याने उत्तरेचा संपूर्ण जलाशय वर येतो. पण ते पाणी सिरदर्याच्या वरच्या अंगाच्या देशांकडून यायचे आहे. तेव्हा भिंतीआधी तिथल्या कालव्यांची गळती थांबवण्याचा करार व्हावा आणि वाचलेल्या पाण्यातला किती वाटा समुद्राला मिळेल, हे त्यातच लिहिले जावे.