तुम्ही विचारलंत म्हणून: सामुराईच का?

लग्नकार्यात, लोकलमध्ये, परवा तर दाताच्या दवाखान्यातसुद्धा. हातातलं पुस्तक दिसलं की प्रश्न ठरलेला: "आपली पेशवाई सोडून हे जपानी सामुराई डिटेक्टिव्ह काय वाचता?" पूर्वी 'टाइमपास हो' म्हणून सुटायचे. ते काही अगदीच खोटं नव्हतं.

तलवारींसाठी वाचत नाही, एवढं आधी ऐका. लॉरा जो रोलंड या लेखिकेचा सानो इचिरो हा पोलिसातला सामुराई. त्याची पहिली गोष्ट 1689 मधल्या एडोत, म्हणजे आजच्या टोकियोत, घडते. (त्याच साली इकडे संभाजीराजांना मारलं. हो, ठाऊक आहे.) नदीत एका जोडप्याची प्रेतं सापडतात. सानोच्या साहेबाचं म्हणणं, दोघांनी मिळून जीव दिला, कागद कर आणि मिटव. सानोला तो खून वाटतो.

सानो कल्पनेतला, पण एडोतला कायदा खरा. देहान्ताच्या शिक्षेला सहसा आरोपीची कबुली लागायची. देत नसेल तर धारदार कंगोऱ्यांच्या लाकडावर गुडघे टेकवून मांड्यांवर दगडी लाद्या चढवायच्या.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं.

माझा दादा एका सराफी पेढीवर होता. एक साखळी हिशेबात लागेना. संध्याकाळी त्याला चौकीवर नेलं, सकाळी सोडलं. आईने मऊ भात टाकला. त्याला बसता येईना, ओट्याला टेकून उभ्यानेच जेवला. अंगठ्याला निळी शाई. बाबा म्हणाले, "घेतली नाहीस तर कबूल कशाला केलंस?" तो म्हणाला, "लिहून दे, घरी सोडतो म्हणाले." बाबांनी साखळीचे पैसे भरले, तक्रार काही झाली नाही. पुढे बाप-लेक कामापुरतंच बोलायचे.

दादाने घेतली होती का? मला माहीत नाही. मी विचारलेलंच नाही. आता तो 'नाही' म्हणाला तरी मी ते कशावर तोलू?

पेशवाईत हे नव्हतं असं कोण म्हणतंय? 1791 मध्ये घाशीराम कोतवालाच्या कोठडीत माणसं गुदमरून मेली आणि लोकांनी त्याला दगडांनी ठेचला. पण त्या पुण्यात मी जन्मले, तिथल्या चौक्या मला ओळखीच्या. एडोत माझं कोणी नाही. पळवाट म्हणा हवं तर.

आणि या गोष्टींत शेवटी खरा खुनी सापडतोच, ते मला कधीच पटलेलं नाही. तरी नवीन पुस्तक आणलं की आधी शेवटची पानं उघडते, सापडलाय ना बघायला.