जन्म बेळगावचा, पुस्तक चंदगडचं

माझा कथासंग्रह एका साहित्य पुरस्काराला पाठवायचा होता. अट एका ओळीची होती. लेखकाचा जन्म कोल्हापूर जिल्ह्यातला हवा, नाहीतर किमान दहा वर्षांचं वास्तव्य तरी. पुस्तकाच्या प्रती, प्रकाशकाचं संमतीपत्र, पहिली आवृत्ती गेल्या वर्षातली, हे सगळं लगेच जमलं. अडलं ते जन्मावर.

आमचं गाव चंदगड तालुक्यात. तिथून कोल्हापूर शंभर किलोमीटरच्या पुढं, बेळगाव त्याच्या निम्म्याहूनही जवळ. बाळंतपण असो की लग्नाचा बस्ता, माणूस बेळगावचीच गाडी धरतो. मीही तिथल्याच दवाखान्यात जन्मलो. कथा सगळ्या चंदगडी बोलीतल्या, आणि जन्मदाखल्यावर राज्य कर्नाटक!

पुरस्कार देणाऱ्या संस्थेच्या कचेरीतल्या काकांनी दाखला डोळ्यांजवळ नेला. "ह्यात तर बेळगाव लिवलंय की हो."

"काका, आमचा अख्खा तालुकाच 1956 पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता. आमच्याच तालुक्यातल्या कोवाडच्या रणजित देसाईंचा जन्म 1928चा. त्यांनाही तुम्ही वास्तव्याचा पुरावा मागितला असता. आणि खांडेकर तर जन्मानं सांगलीचे."

"मग ऱ्हायले न्हवं हितं? तुमीबी तेच दाखवा."

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं.

पण राहतो मी पुण्यात, आधारवर पत्ता पुण्याचा. ग्रामपंचायतीत रहिवासी दाखला मागितला तर ग्रामसेवक म्हणाले, आत्ता राहणाऱ्यालाच देता येतो. तेही खरंच. शेवटी शाळा गाठली. प्राथमिक शाळेतल्या बाईंनी कपाटातून जुनं जनरल रजिस्टर काढलं, धूळ झटकली आणि उतारा लिहून दिला. हायस्कूलचा दाखला घरी होताच. पहिली ते दहावी, बरोबर दहा वर्षं.

गंमत म्हणजे रजिस्टरात जन्मस्थळाच्या रकान्यात गुरुजींनी बिनदिक्कत आमच्या गावाचं नाव घातलेलं. त्या पिढीच्या गुरुजींना दवाखान्याशी काय देणंघेणं!

काका उतारा बघून वैतागले. "हे आधी का न्हाई दिलंसा? जन्मातच बसला असता की."

म्हटलं, वास्तव्यावरच खूण करा. दोन दाखले, दोन जन्मगावं, परीक्षकांच्या डोक्याला ताप नको.

निकाल अजून लागायचाय. चंदगडकडचं कुणी अर्ज भरणार असेल तर शाळेत एप्रिलमध्येच जाऊन या. मुदत मे महिन्यात संपते, आणि तेव्हा शाळेला कुलूप असतं.