पुढं नाल, मागं अनवाणी

घोडीला नाल मारावेत की नकोत, हा प्रश्न कोल्हापुरात कुणालाही विचारा, उत्तर तयारच असतं. टांग्याच्या काळातली माणसं म्हणतात, डांबरावर चालायचं तर नाल पाहिजेच. मोबाइलवर व्हिडिओ बघणारी पोरं म्हणतात, नाल म्हणजे बेडी, आजच्या आज उपटा. खूर उचलून बघायची तसदी दोघंही घेत नाहीत.

सगुणा ही आमची मारवाडी घोडी, सारंगखेड्याच्या यात्रेतून आलेली. चारही पायांना नाल होते. ते वेळेवर बदललेले नव्हते, त्यामुळं खूर नालाच्या बाहेर वाढून टोकाला लांबट झाला होता. जुन्या खिळ्यांची भोकं एकमेकांना खेटून होती आणि कडेच्या कवचाच्या कपच्या बोट लावलं तरी सुटायच्या.

आमच्या पशुवैद्य डॉक्टरांनी नालाचा विषयच काढू दिला नाही. म्हणाले, "आधी चालवा." कठीण जमिनीवर घोडी बाजूनं चालत जाताना टाच आधी टेकते, सगळा खूर एकदम टेकतो, की टोक आधी, हे बघायचं. सगुणा पुढचे पाय टोकावर टाकत होती. टाचेकडं दुखत असलं की घोडं असं करतं. मग गाठीच्या, म्हणजे खुराच्या वरच्या सांध्याच्या, मागं दोन्ही बाजूंना बोटं ठेवून नाडी तपासली. निरोगी पायात ती जेमतेम लागते. ठणठण उडत असेल आणि खूरही गरम लागत असेल, तर आत सूज आहे. सगुणाची शांत होती, तेवढा जीव भांड्यात पडला.

खूर उचलला, नाल काढला आणि वास आला. तळव्याच्या मधोमध टाचेकडून टोकाकडं निमुळती होत जाणारी गादी असते. ती रुंद आणि रबरासारखी चिवट हवी. सगुणाची आक्रसलेली होती आणि तिच्या कडेच्या खाचांतून काळपट, घाण वासाची लिबलिब निघत होती. गादी कुजणं म्हणतात ते हेच. तळवा आणि बाहेरचं कवच यांना जोडणारी फिकट रेघ मात्र बरीचशी घट्ट होती. तिच्यात फट पडून माती शिरायला लागली, की काम वाढतं.

कवचावरची आडवी वळं बघायला डॉक्टरांनी मला खाली बसवलं. सगळीकडं सारख्या अंतराची वळं चारा किंवा ऋतू बदलल्याची खूण असते. टाचेकडं रुंद आणि टोकाकडं दाटीनं आलेली असतील, तर खुराच्या आत सूज येऊन गेलेली असू शकते. त्यांनी लगेच विचारलं, "गूळ किती घालता?" आता कोल्हापुरात घोड्याला गूळ घालायचा नाही म्हणजे पाहुण्याला चहा न विचारण्यासारखं! पण जादा गूळ, जादा धान्य हे थेट खुरात उतरतं. त्या दिवसापासून गूळ बंद, हरभरा मोजून आणि उसाचं वाडं नावापुरतं. पोटाला कडबा आणि वाळकं गवत. बायोटिन रोज वीस मिलिग्रॅम सुरू केलं, पण त्याचा गुण दिसायला महिने लागतात हे डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं. खूर महिन्याला साधारण सहा ते दहा मिलिमीटर वाढतो. केसांच्या कडेपासून टोकापर्यंत नवा यायला नऊ ते बारा महिने जातात. जुनं कवच कशानंच दुरुस्त होत नाही, ते खाली सरकत जाऊन छाटलं जातं.

पावसाळा तोंडावर होता, म्हणून चारही नाल काढूनच ठेवले. आमच्याकडच्या काळ्या रानात चिखल नाल ओढून घेतो आणि जाताना कवचाचा तुकडाही नेतो. ओल्या डांबरावर लोखंड घसरतं ते वेगळंच. त्या दिवसांत रपेटही कमी असते. नालबंद चाचांना हे पटलं नव्हतं. "दादा, पाय खरचटंल, मग मला म्हणू नका," असं म्हणत त्यांनी कानशीनं खुराची कड सगळीकडून गोल करून दिली. कड धारदार ठेवली तर खड्याला अडकून चिरफळते. तळवा आणि गादी मात्र त्यांना फार तासू दिली नाही. तळवा चकचकीत पांढरा केला की काम झाल्यासारखं दिसतं, पण घोडी उद्या त्याच पातळ तळव्यावर चालणार असते.

पावसाळ्यात खरी मेहनत होती पागेतल्या जमिनीची. फरशीवर मुरूम, वर भुसा, आणि लीद दिवसातून दोनदा उचलायची. रोज खाचा खरवडून, कोरड्या करून मोरचुदाचं सौम्य पाणी कापसानं लावायचं. घट्ट द्रावण जिवंत भागाला भाजतं, म्हणून प्रमाण डॉक्टरांनीच ठरवून दिलं. वास आधी गेला, गादी भरायला वेळ लागला.

दिवाळीच्या सुमारास कवचावर एक रेघ स्पष्ट दिसू लागली: वरचा नवा भाग सरळ, गुळगुळीत, खालचा जुना बाहेर फाकलेला. मागचे पाय तोवर डांबरावरही बिनधास्त पडत होते. पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर नेली तेव्हा मात्र पुढच्या पायांचं गणित उघडं पडलं. जांभ्याच्या खरबरीत कातळावर, बारीक खड्यांवर ती पुढचे पाय चाचपत टाकायला लागली. घोड्याचं निम्म्याहून जास्त वजन पुढच्या पायांवर असतं आणि तिथला तळवा अजून पातळ होता. अनवाणीचा हट्ट धरून तिला तसंच चालवणं मला पटलं नाही. रपेट रानातल्या मऊ वाटेवरच असती तर नाल लागलेच नसते. आमची वाट खडीची.

म्हणून पुढच्या दोन पायांना नाल, मागचे मोकळे. चाचा खूश झाले, व्हिडिओवाली पोरं नाराज. खिळे त्या फिकट रेघेच्या बाहेरूनच, निरोगी कवचात गेले पाहिजेत, एवढं मी जवळ उभं राहून बघतो. सहा ते आठ आठवड्यांत नाल काढून खूर छाटून परत बसवायचे, मग नाल झिजलेला असो वा नसो, कारण खूर खाली वाढतच असतो.

जूनच्या आधी पुढचेही काढायचे ठरलंय. सध्या लक्ष पुढच्या डाव्या टाचेवर आहे. ती उजवीपेक्षा जरा खाली बसलेली दिसते, म्हणून दर छाटणीला दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवतो आणि डॉक्टरांना पाठवतो.