5 फूट 8 इंचांचा कॅचर

अमेरिकन बेसबॉलच्या 2021 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात तिथे, 20 फेऱ्या झाल्या, एकाही फेरीत माझं नाव नव्हतं. न्यू जर्सीत वाढलेला मराठी मुलगा, जागा कॅचरची, म्हणजे फलंदाजामागे बसून पिचरने टाकलेला चेंडू झेलणाऱ्याची, उंची 5 फूट 8 इंच. नंतर एका संघाने घेतलं, त्याचं कारण सरळ होतं: सराव शिबिरात ढिगाने पिचर असतात आणि त्यांचे चेंडू झेलायला माणसं लागतात.

पहिला मुक्काम फ्लोरिडातली कॉम्प्लेक्स लीग, अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉलची सगळ्यात खालची पायरी. भर दुपारी मास्क, छातीचं पॅड, पायांचे गार्ड चढवून उन्हात बसायचं, समोर जेमतेम प्रेक्षक. तिथला किमान वार्षिक पगार 4,800 डॉलर होता. खेळाडूंची कामगार संघटना झाल्यावर, 2023 च्या करारात तो 19,800 झाला. आईचा फोनवर एकच प्रश्न, "जेवलास का?" मी मात्र त्या दिवसांत स्पॅनिश शिकत होतो. डॉमिनिकन आणि व्हेनेझुएलाच्या पिचर पोरांचा विश्वास बसला की ती पुढच्या सामन्यात कॅचर म्हणून तुलाच मागतात. बुटक्या कॅचरला याहून मोठी शिफारस नसते.

सगळे मला टोरांटोच्या अलेहांद्रो कर्कचं उदाहरण द्यायचे. तोही 5 फूट 8, 2022 चा ऑल-स्टार, म्हणजे हंगामातल्या निवडक खेळाडूंपैकी एक. पण कर्कची बॅट बोलते. डबल-ए, ट्रिपल-ए या शेवटच्या दोन पायऱ्या न खेळताच तो 2020 मध्ये मेजर लीगमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या स्तरावर पोहोचला. माझी बॅट तेवढी नाही, म्हणून माझा वाटा खालच्या चेंडूत होता. एक गुडघा टेकून, ग्लोव्ह आधी जमिनीलगत न्यायचा आणि चेंडू खालून वर येताना झेलायचा. गुडघ्याजवळचा काठावरचा चेंडू अंपायरला स्ट्राइक, म्हणजे हद्दीतला, दिसतो. ठेंगणेपणाचा इथे फायदाच झाला. डबल-एच्या ईस्टर्न लीगमध्ये, मेनच्या पोर्टलंडपासून व्हर्जिनियाच्या रिचमंडपर्यंतच्या त्या लांबलचक बसप्रवासांत, मी याच झेलांचे व्हिडिओ पाहत असायचो.

2024 मध्ये ट्रिपल-एला पोहोचलो आणि तिथे चेंडू हद्दीत होता का हे तपासणारे कॅमेरे होते. अंपायरचा निर्णय पटला नाही तर पिचर, कॅचर किंवा फलंदाजाने लगेच टोपीवर किंवा हेल्मेटवर हात मारायचा. स्ट्राइकच्या हद्दीची खालची रेषा फलंदाजाच्या उंचीच्या 27 टक्क्यांवर. चोरून मिळवलेला स्ट्राइक आता फलंदाज परत घेऊ शकतो. मला हे खरंच जड गेलं. वर्षानुवर्षं घडवलेला हात होता तो. तरी मी या पद्धतीच्या बाजूने आहे, कारण अंपायरने हद्दीतला चेंडू चुकून 'बॉल', म्हणजे हद्दीबाहेरचा, ठरवला तर आपल्या पिचरचा तो स्ट्राइकही परत मिळवता येतो. आणि काठ कुठे आहे हे मैदानात कॅचरइतकं कुणालाच कळत नाही. सरावात मी प्रत्येक चेंडूला आधी मनात कौल देतो, मग टॅब्लेटवर पाहतो.

डिसेंबर 2024 च्या रूल 5 ड्राफ्टमध्ये, जिथे दुसरे संघ खालच्या स्तरावर अडकलेले खेळाडू घेऊ शकतात, मला कुणी उचललं नाही. 2026 पासून हीच चॅलेंज पद्धत मेजर लीगमध्ये आली आहे: संघाला दोन चॅलेंज, बरोबर ठरलं तर ते शिल्लक राहतं. आमच्या संघात ते कधी वापरायचं हे प्रशिक्षकांनी कॅचरवर सोडलंय. मी अजून ट्रिपल-एतच आहे, आणि रोज तिथे झेलायला बसतो.