तुम्ही विचारलंत म्हणून : तीन पिढ्या टिकलं कसं?

मावळातलं आमचं पॉलिहाऊस, म्हणजे सांगाड्यावर प्लास्टिक ताणून केलेलं झाडांचं घर, बघायला आलेला माणूस हातातला चहा संपायच्या आत विचारतो, ‘परवडतं का हो?’ आणि मी तोंड उघडेपर्यंत स्वतःच उत्तर देऊन टाकतो, ‘तीन पिढ्या टिकलंय म्हणजे परवडतच असणार. पण टिकलं कसं?’ यात हिंजवडीच्या नोकरीला कंटाळलेली मुलं असतात, एक्स्प्रेस-वेलगतच्या जमिनीचे पैसे हातात आलेले काका असतात, अनुदानाच्या यादीत नाव लागलेले शेतकरीही असतात. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहूनच टाकते.

परवडतं. पण तीन पिढ्या एकच धंदा चाललाय असं समजू नका. आजेसासऱ्यांनी उघड्यावर गुलाब केला, सासऱ्यांनी पॉलिहाऊसमध्ये जर्बेरा केला, मी कुंड्यांतली रोपं करते. प्रत्येकानं आधीच्याचं पीक उपटलंय, आणि प्रत्येक वेळी घरात भांडण झालंय.

आजेसासरे खंडाळ्याला एका पारशी कुटुंबाच्या बंगल्यावर माळी होते. त्या बंगल्याच्या मागच्या अंगाला एक काचघर होतं. आत नेचे, ऑर्किडं, दमट हवा आणि मालकीणबाईंचा करडा पहारा. घाटमाथ्यावरच्या थंडीत आणि वाऱ्यात नाजूक झाडं जगवायची तर त्यांना वेगळी हवा द्यावी लागते, हे आमच्या घराण्यानं पहिल्यांदा तिथं पाहिलं. स्वतःचं काचघर बांधायची ऐपत अर्थातच नव्हती. तिथून त्यांनी आणलं ते हातातलं कसब : गुलाबावर डोळा भरणं, म्हणजे चांगल्या गुलाबाचा कोंब दुसऱ्या खुंटावर बसवून कलम करणं. जंगली खुंटावर ग्लॅडिएटर जातीचा डोळा भरून त्यांनी भातखाचरांच्या वरच्या माळावर गुलाब लावला. आजूबाजूचे हसले. मावळात भात पिकवायचा सोडून फुलं लावतो म्हणजे डोकं फिरलंय! आजेसासूबाई पहाटे कंदिलाच्या उजेडात फुलं खुडायच्या, आणि आजोबा करंडी घेऊन लोणावळ्याला गाडी बदलून दादरचं फूलमार्केट गाठायचे. पावसाळ्याचे चार महिने मात्र सगळं बंद. मावळचा पाऊस म्हणजे काय, हे पुण्यातल्या माणसाला सांगूनही कळत नाही. कळ्या झाडावरच कुजायच्या आणि पानं काळ्या ठिपक्यांनी गळून जायची.

सासऱ्यांना घरात सगळे तात्या म्हणतात. १९९१ नंतर तळेगाव-वडगाव पट्ट्यात गुलाब निर्यातीचे मोठमोठे प्रकल्प उभे राहिले. सांगाडा परदेशी, रोपं परदेशी, सल्लागारही परदेशी. तात्या अशाच एका प्रकल्पावर सुपरवायझर म्हणून लागले. मुसळधार पाऊस कोसळत असताना कोरड्या पानांचा गुलाब त्यांनी तिथं पाहिला आणि घरी येऊन आजोबांना म्हणाले, ‘दादा, आपला माळ झाकला पाहिजे.’

पुढं त्यातले बरेच प्रकल्प बसले. विमानाचं भाडं, शीतगृहाचं वीजबिल, कर्जाचं व्याज आणि युरोपच्या बाजारात केनियाचा स्वस्त गुलाब, एवढ्या सगळ्यांना पुरून उरणारं फूल कुठून आणायचं? तात्या होते तो प्रकल्पही बंद पडला आणि त्याचे पाइप भंगाराच्या भावानं निघाले. आमचं पहिलं १० गुंठ्यांचं पॉलिहाऊस त्या पाइपांचं आहे. अजून उभं आहे. काही खांबांना जुन्या मालकाचे नंबर दिसतात, ते आम्ही रंगवले नाहीत. आमचा धंदा दुसऱ्याच्या बुडालेल्या धंद्यातून उभा राहिला, हे पाहुण्यांना सांगायला तात्यांना आवडत नाही. मला आवडतं.

त्यात तात्यांनी गुलाब लावला नाही, यावरून आजोबा बरेच दिवस बोलत नव्हते म्हणे. तात्यांचं गणित साधं होतं. डच गुलाबाला दांडीची लांबी लागते, तोडल्या तोडल्या थंडावा लागतो, त्यामुळं १० गुंठ्यांत त्याचा खर्च निघत नाही. जर्बेरा तिसऱ्या महिन्यात फुलायला लागतो आणि रोज थोडा थोडा निघतो. तो कापायचा नसतो, दांडा बुडाशी धरून हलका पीळ देऊन ओढायचा. सांगितलं तर पोरंटोरंही करतात. जमीन मात्र आमची चालली नाही. भाताची काळी माती पाणी धरून ठेवते आणि जर्बेराच्या गड्ड्याला कुज लागते. म्हणून तांबडी माती ट्रकनं आणली, गिरणीतून भाताचं तूस आणलं, शेणखत घालून वीतभर नाही, चांगले दीड फुटाचे उंच बेड केले.

आता पेपरबद्दल. ‘टिकलं कसं’ याचं माझ्याकडं एकच सरळ उत्तर आहे आणि ते इथं आहे. पॉलिहाऊसवरच्या प्लास्टिकला सरकारी कागदात पॉलिथिन फिल्म म्हणतात, आम्ही पेपर म्हणतो. २०० मायक्रॉनचा, उन्हानं लवकर खराब होऊ नये म्हणून प्रक्रिया केलेला. तरी तीनेक वर्षांत तो पिवळट पडतो, वर धूळ आणि शेवाळ बसतं, आत उजेड कमी येतो, आणि मग एखाद्या वळवाच्या वाऱ्यात घडीवर फाटतो. सांगाडा पंधरा-वीस वर्षं हलत नाही, पण पेपर दर तीन वर्षांनी पैसे मागतो. छताची कमान आणि बाजू धरून जमिनीच्या दीडपट ते पावणेदोनपट पेपर लागतो, म्हणजे १० गुंठ्यांना तीनशे किलोच्या आसपास. २००५-०६ पासून राष्ट्रीय फलोत्पादन अभियानात पॉलिहाऊसला ५० टक्के अनुदान मिळायला लागलं आणि आमच्या भागात भराभर पांढरी छतं दिसायला लागली. अनुदानानं सांगाडा उभा राहिला, पहिला पेपरही पडला. दुसऱ्या पेपरचे पैसे कुठून येणार, हे फार थोड्यांनी विचारलं. तोवर इतका जर्बेरा बाजारात आला होता की पितृपक्षात गड्डीला तोडणीची मजुरी सुटत नव्हती. वर प्लास्टिकची फुलं आली. २०१८ साली राज्यभरातले पॉलिहाऊसवाले आणि शेडनेटवाले (जाळीच्या सावलीत पीक घेणारे) कर्जमाफी मागत होते. त्यांच्यात आमच्यापेक्षा हुशार शेतकरी कितीतरी होते.

तात्यांनी पहिल्या तोडीपासून गड्डीमागं एक रुपया बाजूला काढला. दहा फुलांची गड्डी. १० गुंठ्यांत सहा हजार रोपं, रोपाला वर्षाकाठी पस्तीसेक फुलं, म्हणजे वर्षाच्या वीस-एकवीस हजार गड्ड्या. तेवढेच रुपये. तीन वर्षांत एक पेपर निघतो. हे पैसे पतसंस्थेत वेगळ्या खात्यावर जायचे आणि घरात त्याला ‘पेपरचं खातं’ म्हणत. नणंदेच्या लग्नात त्याला हात लागला नाही. माझ्या नवऱ्याच्या इंजिनिअरिंगला लागला नाही. त्याची फी सासूबाईंच्या म्हशींनी भरली. या हट्टापायी सासूबाई तात्यांना चारचौघांत कंजूष म्हणायच्या.

मी लग्न होऊन आले तेव्हा मलाही ते अतीच वाटायचं. मग २०२० आलं. मार्चमध्ये पाडव्याच्या तोंडावर टाळेबंदी लागली, बाजार बंद. जर्बेरा थांबत नाही. तोडला नाही तर रोप खराब होतं. आम्ही रोज फुलं तोडायचो आणि खड्ड्यात टाकायचो. लग्नसराई त्यातच गेली. आणि ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ कोकण ओलांडून वर आलं. दुपारी वाऱ्यानं बाजूचे पडदे फुगवले. पॉलिहाऊसच्या पोटात वारा शिरला की ते छत्रीसारखं वर उचलायला बघतं. खांबांच्या बुडाशी काँक्रीट करकरताना मी त्या दिवशी ऐकलं. तात्या ओरडले, ‘विळा आण. पेपर फाड!’ नवरा म्हणाला, दोरखंड बांधू. तात्यांनी ऐकलंच नाही. शिडी लावून आम्ही वाऱ्याच्या तोंडाकडून पेपरला उभे चिरे दिले. एक चिरा पुरे होता, पुढचं वाऱ्यानंच केलं. चिंध्या झाल्या, आणि सांगाडा थरथरायचा थांबला. त्या वादळात मावळातली कितीतरी पॉलिहाऊस पाइप पिळवटून जमिनीवर आली. आमचं फक्त उघडं पडलं. पेपरचं खातं भरलेलं होतं म्हणून त्या माणसाचा हात विळ्याकडं गेला, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. ज्याला नवा पेपर परवडणार नसतो तो शेवटपर्यंत दोरखंड बांधत राहतो.

नवा पेपर पडला, पण खाली जर्बेरा परत लावायचा नाही असं मी ठरवलं. आता भांडायची पाळी माझी आणि तात्यांची होती. माझं म्हणणं होतं की आपण रोज सकाळी दुसऱ्याच्या लग्नावर आणि पुण्याच्या गुलटेकडी बाजाराच्या भावावर अवलंबून राहतो. कुंडीतलं रोप आज नाही विकलं तर पुढच्या आठवड्यात थोडं मोठं होऊन विकलं जातं. पणन मंडळाच्या तळेगावच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये मी जाऊन आले, कोकोपीटमधली, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशातली लागवड शिकले. पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या उरुळी कांचनच्या नर्सऱ्या पाहिल्या. शोभेची बरीच रोपं आंध्रातल्या कडियमहून ट्रकनं येतात. तिकडच्या हवेतून आलेलं रोप पुण्याच्या गॅलरीत आठवड्याभरात मान टाकतं आणि गिऱ्हाईक म्हणतं, माझ्या हाताला झाडं लागत नाहीत. आम्ही मदर प्लँट, म्हणजे ज्यांच्यापासून रोपं काढतात ती मूळ झाडं, इथंच ठेवून रोपं इथल्या हवेत वाढवतो. सिंगोनियम, मनी प्लँट, पीस लिली, आणि नेचे. मावळचा दमटपणा, जो गुलाबाला आणि जर्बेराला वैरी होता, तो नेच्यांना मानवतो. तात्या वर्षभर त्याला ‘गवत’ म्हणत होते. आता लोणावळ्याच्या सेकंड होमवाल्यांना तेच भाव सांगतात, आणि माझ्यापेक्षा चढे सांगतात.

गड्डी गेली तरी रुपया आहेच, कुंडीमागं.

वारशाचं विचारता, तर त्याचीही एक बाजू सांगते, कारण ती कुणी विचारत नाही. सातबारा तात्यांच्या नावावर आहे. मी वीस माणसांना रोजगाराचं पाकीट देते, पण बँकेत सही करायला तात्याच लागतात. दोन्ही नणंदांचा वाटा कायद्यानं आहे. महाराष्ट्रात मुलींना वडिलोपार्जित जमिनीत बरोबरीचा हक्क १९९४ पासूनच आहे. गावात या प्रश्नाचं ठरलेलं उत्तर म्हणजे बहिणीकडून हक्कसोड लिहून घ्यायचं आणि तिला साडी नेसवायची. मला ते पटत नाही, आणि नणंदांनाही पटणार नव्हतं. पण १० गुंठ्यांच्या सांगाड्याचे तीन तुकडेही होत नाहीत. म्हणून आम्ही जमीन सगळ्यांची ठेवली आणि धंदा जमिनीचं भाडं भरतो असं कागदावर लिहून काढलं. नणंदांना ते भाऊबीजेच्या आसपास मिळतं. थोरली पाकीट घेताना दरवर्षी सांगते, ‘ही ओवाळणी नाही हं, भाडं आहे. ओवाळणी वेगळी टाक.’ नवरा निमूट टाकतो.

एक्स्प्रेस-वेचे एजंट गुंठ्याचा जो भाव सांगतात, तो ऐकला तर पॉलिहाऊसचा हिशेब करायचीच गरज उरत नाही. त्या भावाशी तुलना करायची असेल तर नाही परवडत, कुणालाच नाही. तुम्हाला तरीही करायचं असेल तर जूनमध्ये या, जानेवारीत नको. जानेवारीत कुणाचंही पॉलिहाऊस सुंदर दिसतं. पावसात या, गुडघाभर चिखलातून येऊन छताचं गटर साफ करायला माझ्या माणसांबरोबर शिडीवर चढा, बुरशी लागलेली पानं ओळखायला शिका. मग चहाला बसू आणि तुमच्या पेपरच्या खात्यात दरमहा किती टाकावे लागतील ते मी कागदावर मांडून देईन.