पाव इंच माया

“फाडायचाच व्हता तर शिवलास कशापायी?” आत्यानं विचारलं, आणि मशीनवर बसलेल्या मला चटकन उत्तर सुचेना.

आत्या रहिमतपूरची. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी साताऱ्यात आमच्याकडे आली होती, ऐन आषाढात. डोळ्यांवर काळा चष्मा, टीव्ही आणि शिवणटिपण बंद. दिवसभर तिचे कान आणि बोटं तेवढी कामावर. मशीनची घरघर थांबली की पाठोपाठ टर्र-टर्र कागद फाटल्याचा आवाज यायचा आणि ती पलंगावरून मान वळवायची. घरात कागद फाटतोय म्हणजे एकतर भांडण झालंय नाहीतर पोरगं नापास झालंय, एवढी दोनच कारणं तिला ठाऊक.

मी शिकत होते ते पेपर पीसिंग. आपल्या वाकळेची जी परदेशी बहीण, क्विल्ट, तिच्या वरच्या थराचे चौकोन कागदावर शिवून करण्याची रीत. कागदावर नक्षी छापलेली असते आणि प्रत्येक तुकड्याला क्रमांक. कापड लावायचं कागदाच्या मागच्या, कोऱ्या बाजूला; टीप मारायची छापील बाजूनं, रेघेवरून. एक नंबरचा तुकडा आधी. त्यावर दोन नंबरचा, सुलटीला सुलट लावून पालथा ठेवायचा, टीप मारायची, पलटी करून इस्त्री फिरवायची. मग तीन. असं करत चौकोन भरला की कडा छाटायच्या, चौकोन एकमेकांना जोडायचे आणि शेवटी मागचा सगळा कागद फाडून काढायचा. कागद कशाला, तर त्रिकोणाची एखादी तरी बाजू उरेब, म्हणजे कापडाच्या विणीला तिरकी येते, आणि उरेब कापड ताणतं. हातानं धरून शिवलं तर टोकं भलतीकडं जातात. कागद त्याला जागच्या जागी धरून ठेवतो.

“तुझ्या घरावर स्लॅब टाकला तेव्हा सेंट्रिंग लावलं होतं की नाही? स्लॅब धरला की काढलंच ना?” शेवटी मला सुचलं.

“त्या फळ्या गवंडी परत घिऊन गेला. फाडल्या न्हाईत त्यानं.”

आत्याशी वाद घालू नये, हे मी लहानपणीच शिकायला हवं होतं.

मुळात मी या नादाला लागले ते एका गैरसमजातून. नोकरीची सगळी वर्षं मी टायपिस्ट म्हणून काढली. मिनिटाला तीस शब्द मराठी, चाळीस इंग्रजी, आणि नजर कायम समोरच्या मजकुरावर. बोटांकडे बघणारा टायपिस्ट आमच्यात कच्चा समजत. त्यामुळे फोनवरच्या व्हिडिओत ती बाई म्हणाली की शिवताना कापड दिसत नाही, ते खाली असतं, फक्त रेघेवर भरवसा ठेवायचा, तेव्हा मला वाटलं, हे तर आपलंच काम. बाई कुठल्यातरी अमेरिकन गावात, मी शाहूपुरीत, पण धंदा एकच.

पहिला नमुना घेतला तो नवशिक्यांना देतात तोच, उडते हंस. मोठा त्रिकोण म्हणजे हंस, दोन बाजूंचे छोटे त्रिकोण म्हणजे आभाळ. ४ इंचांच्या चौकोनात दोन हंस, म्हणजे सहा तुकडे. असे १६ चौकोन जोडले की १६ इंचांचा उशीचा अभ्रा. हिशेब सोपा. ह्यांना ते हंस काही दिसेनात, समोसे दिसले. असो.

नमुना छापून आणला पोवई नाक्याजवळच्या एका झेरॉक्सवाल्याकडून. एका रांगेचे चार चौकोन शिवले, जोडले, टेप लावली, तर भरले साडेपंधरा इंच. पुन्हा मोजले. पुन्हा साडेपंधरा. अर्धा इंच गेला कुठं? त्याचा शोध लागायला दोन दिवस लागले. अमेरिकेतला कागद साडेआठ इंच रुंद, आपला ए-फोर जेमतेम सव्वाआठच्या वर. झेरॉक्सच्या कॉम्प्युटरनं नमुना कागदात बसावा म्हणून गुपचूप आवळून घेतला होता. इंचामागे पाव सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). एका हंसाला ते कळतही नाही, थव्याला कळतं. आणि नमुन्याच्या कोपऱ्यात एक इंचाचा रिकामा चौकोन दिलेला होता, तो नेमका हेच तपासायला. आधी त्यावर पट्टी लावायची आणि मगच शिवायला घ्यायचं. जन्मभर कार्यालयात काढलेली मी, मला ती सही-शिक्क्याची जागा वाटली.

(इंचाचं हे एक नवलच आहे. मेट्रिक मापांचा कायदा १९५६ सालचा, माझ्यापेक्षाही वयानं मोठा. खणआळीत कापड मीटरवरच मिळतं. पण तेच कापड शिंप्याच्या टेबलावर गेलं की त्याचे इंच होतात आणि सुताराकडे गेलं असतं तर सूतही झालं असतं.)

कापडाचा खर्च मात्र शून्य. ओटीत आलेले ब्लाउजपीस. ज्या घरात बाई आहे त्या घरात त्यांची चळत असतेच. तो पीस आपण दुसरीच्या ओटीत घालतो, ती तिसरीच्या, आणि कधीतरी चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला तोच आपल्याकडे परत येतो, घडीसकट. कुणी शिवत नाही, कुणी टाकत नाही. मी ती घडी मोडली. त्यात सुती निघाले पाच आणि बाकीचे टेरिकॉट. त्यांतला एक इस्त्रीला चिकटला तेव्हा कळलं.

आणि मग आला मायेचा प्रश्न.

शिवणीच्या बाहेर जे जादा कापड सोडायचं त्याला आपल्याकडे माया म्हणतात. शिंपी अगदी कोरड्या आवाजात विचारतो, “माया किती ठेवू?” पेपर पीसिंगमध्ये ती पाव इंच. सगळीकडे पाव इंच, कमी नाही, जास्त नाही. त्यासाठी खास पट्ट्या मिळतात. मी जुनी लग्नपत्रिका वापरते: ती रेघेवर ठेवून कागद मागं दुमडायचा, कापड बाहेर डोकावतं, त्यातलं पाव इंच सोडून बाकीचं कापायचं.

पण ही झाली शिवल्यानंतरची गोष्ट. शिवण्याआधी तुकडा केवढा कापायचा, तिथं मी घसरले. माझ्या हाताला काटकसरीची सवय. त्रिकोणाच्या जागी त्रिकोणच कापला, बाजूला मोजून पाव इंच ठेवून. टीप मारली, तुकडा उलटला, तर एक कोपरा उघडा. कागद दिसतोय. पालथा ठेवलेला त्रिकोण पलटी झाला की जरा फिरतो, आणि ज्या टोकाशी आपण माया धरली ते टोक भलत्याच ठिकाणी जातं. म्हणून चांगला दीड बोट जादा कापायचा आणि टीप मारण्याआधी कागद उजेडासमोर धरून बघायचं, कापड सगळ्या बाजूंनी रेघेबाहेर जातंय ना. आषाढात साताऱ्याला उजेड कुठला? यवतेश्वराकडून ढग जे उतरतात ते दुपारी दोनला दिवे लावायला लावतात. मी स्टुलावर चढून ट्यूबलाइटसमोर कागद धरायचे.

चुकलं की उसवायचं. यातली मेख अशी की कागद पुढे सहज फाटावा म्हणून इथं टाका बारीक घालतात, दीड मिलिमीटरचा. नेहमीच्या शिवणीत इंचाला दहा टाके पडतात, इथं सतरा. म्हणजे कागद फाटायला जितका सोपा, तितकीच शिवण उसवायला अवघड. टायपिंगमध्ये निदान पांढरा रंग तरी होता. इथं ब्लेडचं टोक, डोळ्यात पाणी, आणि उसवता उसवता कागदच भोकांवरून सुटून हातात. नव्यानं घेतलेल्या चौकोनांतल्या तिसऱ्या हंसानंतर मी मशीनवर झाकण घातलं आणि चार दिवस त्या खोलीत गेले नाही.

परत गेले ती आत्यामुळं. तिनं तो अर्धवट चौकोन चाचपून बघितला. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये शिवण धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवत नेली, जशी कणसाची पानं सोलताना बोटं जातात. “हितं माया लई कमी धरलीस,” म्हणाली. काळा चष्मा लावून. मी पट्टी ठेवली. दीड सूत होती, हवी होती दोन.

हिनंच मला पहिलीत फ्रॉक शिवला होता. घेराच्या खाली चार बोटं माया, आत दुमडून हातशिलाई घातलेली. दर जूनला शाळा सुरू व्हायच्या आधी ती एक दुमड उसवायची आणि फ्रॉक माझ्याबरोबर वाढायचा. आत राहिलेलं कापड उन्हात विटलेलं नसायचं, त्यामुळे घेरावर दर वर्षी एक गडद पट्टा यायचा. वर्गात सगळ्यांच्याच फ्रॉकवर असे पट्टे. चौथीत गेले तेव्हा तीन पट्टे झाले होते, तीन वेगवेगळ्या निळ्या रंगांचे, आणि मला ते अजिबात आवडायचे नाहीत.

दुसरी अडचण कागदाची. झेरॉक्सचा कागद जाड. फाडताना शिवण ओढली जाते, आणि त्यावरची शाई गरम इस्त्रीनं कापडाला लागते. पातळ कागद हवा. माळ्यावर ट्रंक होती, त्यात नोकरीच्या दिवसांतलं स्थळप्रतीच्या कागदाचं अर्धं रीम निघालं. नव्या पोरांना स्थळप्रत सांगावी लागेल: पत्राची मूळ प्रत पाठवायची आणि खाली कार्बन लावून काढलेली पातळ प्रत कार्यालयाच्या फायलीत ठेवायची, जन्मभर. तो कागद सायीसारखा. बोटानं चुरचुरतो आणि रेघेवर चरकन फाटतो.

आता त्यावर नक्षी उतरवायची कशी? त्यालाही एक युक्ती आहे, आणि ती कळली तेव्हा मी एकटीच हसले. सहा-सात कोऱ्या कागदांवर एक नमुना ठेवायचा, टाचणी मारायची आणि सुईत दोरा न ओवता रेघांवरून मशीन चालवायचं. सगळ्या कागदांना एकसारखी भोकं. अहो, हे तर स्टेन्सिल कापणं! आम्ही सायक्लोस्टाइलसाठी, म्हणजे एका मेणकागदावरून ढीगभर प्रती काढायला, रिबिनीचा खटका बंद करून कोऱ्या कळा मारायचो, तेच हे. त्या दुपारी मी चोवीस प्रती काढल्या. आता गरज नव्हती एवढ्यांची, पण हात थांबेना.

तिथून गाडी रुळावर आली. हंस टोकाला टोक लावून बसायला लागले. मध्येच हौस म्हणून एक घराचा चौकोन केला, तर नमुन्यात डावीकडं असलेलं दार कापडावर उजवीकडं आलं. उलट्या बाजूनं शिवतो, तेव्हा चित्र आरशातलं येतं हे विसरले होते. ज्यांना वास्तुशास्त्र पाळायचंय त्यांनी नमुना आधीच उलटा छापावा. ‘सातारा’ असं कापडात शिवावं असंही मनात आलं, पण ही सगळी रीत सरळ रेघांची. आपल्या अक्षरांत तिला शिरोरेषा आणि काने जमतील. ‘स’ आणि ‘त’च्या पोटात शिरायची तिची टाप नाही.

कागदावर कापड शिवण्याची आणखी एक जुनी रीत आहे, इंग्रजांची. कागदाचा षटकोन कापून त्यावर कापड दुमडायचं आणि कडेला कड हातानं टाचायची. इंग्लंडच्या क्विल्टर्स गिल्डकडे अशा कागदांवर केलेली रेशमी तुकड्यांची एक चादर आहे, तिच्यात सालही शिवलेलं आहे, १७१८. म्हणजे इथं शाहू महाराज गादीवर, बाळाजी विश्वनाथ दिल्लीला निघायच्या तयारीत. तिच्या आतले कागद अजून तसेच आहेत म्हणे. हे मी आत्याला सांगितलं. “इसारली आसंल,” ती म्हणाली.

आत्याचं स्वतःचं काम बाजूला चालूच होतं. माझ्या छाटणीतले त्रिकोण, पट्ट्या, चुकून कापलेले हंस, सगळं ती पलंगाखालून चाचपून एका पिशवीत भरत होती. वाकळेत काही कापून टाकत नाहीत; वर-खाली जुनं लुगडं आणि मधे असेल नसेल ते. माझ्या एका उशीपायी जेवढं कापड वाया गेलं, त्यात तिच्या हिशेबानं तान्ह्या पोराचं दुपटं झालं असतं. जायच्या आदल्या दिवशी तिनं ती पिशवी माझ्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाली, कापूस आणू नको, हेच भर.

भरलं. १६ चौकोन, बत्तीस हंस, एकतिसांची तोंडं एकीकडं आणि एकाचं उलट. उशी वरवंट्यासारखी जड झाली आहे. मागचं अस्तर लावून, चारी बाजू शिवून, वरून टीपही मारून झाल्यावर लक्षात आलं की दुसऱ्या रांगेतल्या एका चौकोनाचा कागद फाडायचा राहिलाय. इंचाला सतरा टाके आठवले आणि मी ती उशी तशीच दिवाणावर ठेवून दिली.

परवा रात्री हे तिच्यावर रेलून पेपर वाचत होते. कूस बदलली.

“यात काहीतरी कुरकुरतंय. उंदीर शिरला का गं?”

“नाही,” मी म्हटलं, “स्थळप्रत आहे.”